अकरा फुटांचा हिशेब

(मास्तरांच्या स्मृतिदिनानिमित्त भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



संयोजकांनी पत्रात विषय कळवला होता 'नागरी गृहनिर्माणापुढील आव्हाने'. मी तो घरी नेला आणि तिथेच ठेवून आले. आव्हानांवर बोलणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. छत्तीस वर्षं लोकांच्या घरांच्या भिंतींवर हातोडीने ठकठक करून आवाज ऐकत आले. तेव्हा आज मी पोटमाळ्यावर बोलणार आहे. मास्तरांना हा विषय चालला असता, कारण ज्या जागेत त्यांनी आमच्या चाळीतल्या पोरांना गणित शिकवलं, ती जागा पोटमाळाच होती.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लालबागची चाळ, दुसरा मजला, जिन्यापासून चौथी खोली. दहा बाय बारा. आत शिरलं की डाव्या हाताला मोरी, उजव्या हाताला भिंतीला टेकलेली जवळजवळ उभी शिडी. वर दहा फूट लांब, सहा फूट रुंद फळ्यांची जमीन. त्यावर चटई, मध्ये चाळीसचा दिवा आणि त्याभोवती आम्ही आठ मुलं. नियम एकच होता, वर उभं राहायचं नाही. विसरून उठलं की डोकं तुळईला आपटायचं. मग मास्तर खालून, मान वर न करता, विचारायचे, "कोण वाढलं रे?"

पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मी त्या खोलीचा हिशेब मांडला. तळापासून आढ्यापर्यंतची उंची अकरा फूट. खालच्या माणसाला उभं राहून वावरायला साडेसहा फूट लागतात. वरच्याला मांडी घालून ताठ बसायला चार फूट पुरतात. मधले वासे नि फळ्या सहा इंचांच्या. बेरीज बरोबर अकरा. ज्या कुणा सुताराने तो माळा मारला, त्याने कागदावर काही मांडलं नसणार. पण अकरा फुटांच्या खोलीत एका घराची दोन घरं होतात आणि दहा फुटांच्या खोलीत होत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या सगळ्या भाषणाचा ऐवज खरं तर एवढाच आहे. लहान घराला वाढीव जागा स्वस्तात मिळते की नाही, हे ती जागा काढायच्या दिवशी ठरत नाही. मूळ घर बांधलं त्या दिवशी उंची किती ठेवली आणि जोतं कसं भरलं, तिथेच ते ठरून गेलेलं असतं. नंतर आपण फक्त त्या माणसाला दुवा देतो किंवा शिव्या.

आमच्या घरचा माळा मारला १९७४ साली. निमित्त काकाचं लग्न. खोलीत आम्ही सात माणसं, आणि आता आठवी येणार. वडील गिरणीत होते. बोनसचे पैसे होते, पण थोडेच. मग दारूखान्यातून जहाजं फोडून निघालेल्या लोखंडातले दोन गर्डर आणले, हातगाडीवरून. फळ्या रे रोडच्या वखारीतून, जुन्या. एका फळीवर कसली तरी इंग्रजी अक्षरं छापलेली होती, ती बाजू मुद्दाम खाली ठेवली होती. मी वाचायला शिकले ती अंथरुणात पडून, त्या अक्षरांवरून.

माळा मारायला सावंतवाडीकडचे एक सुतार आले होते. वडिलांचा बेत साधा होता. दोन्हीकडच्या भिंतींना भोकं पाडायची नि गर्डर आत सरकवायचे. सुतारांनी भिंतीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "भिंतीक नको इचारूस. खांबाक इचार." आमच्या चाळीसारख्या जुन्या चाळींत भार तोलतात ते सागवानी खांब आणि तुळया. दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे नुसता आडोसा, लाकडाच्या चौकटीत विटा भरून वर चुन्याचा गिलावा. तिच्या अंगावर गर्डर टेकवला तर तो शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात निघायचा. मग त्यांनी खांबांना दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू बोल्टने आवळले आणि त्यांवर गर्डर बसवले. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी जे शिकले त्याचा अर्धा भाग त्या एका वाक्यात होता, आणि फी कुणी घेतली नव्हती.

काका-काकू वर राहू लागले. कठड्याला काकूचं जुनं लुगडं पडद्यासारखं बांधलं. रात्री वर काही हवं असलं तर शिडीपाशी जाऊन खाकरायचं, हा रिवाज कुणी शिकवला नाही, तो आपसूक पडला. वास्तुविद्येच्या पुस्तकांत 'प्रायव्हसी' या शब्दावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. आमच्याकडे ती साठ चौरस फुटांत नि एका लुगड्यात मावली होती. पुरती मावली असं मात्र मी म्हणणार नाही. काकूला विचाराल तर ती वेगळं सांगेल.

काका पुढे डोंबिवलीला गेला आणि वर आत्या राहायला आली, आमची विधवा आत्या. वीस वर्षं राहिली. आता एक गंमत सांगते. आपल्या बांधकाम नियमांत दोन मजल्यांच्या मधल्या जागेला दोन नावं आहेत. दीड मीटरपर्यंत उंची असेल तर तो लॉफ्ट, आणि लॉफ्ट असतो सामान ठेवण्यासाठी. माणसाने तिथे राहायचं, तर वर सव्वादोन मीटरच्या आसपास उंची हवी, मग तो मेझनाइन. आमच्या माळ्याची उंची चार फूट. म्हणजे माझी आत्या वीस वर्षं कायद्याच्या दृष्टीने सामान होती. ती फार हसायची हे ऐकून. म्हणायची, "मग मला हलवताना 'जपून' असा शिक्का मारा."

आता वजनाकडे येते, कारण इथे लोक पैसेही घालवतात आणि जीवही.

आमच्या शेजारच्या खोलीत फळ्यांऐवजी शहाबादी फरशी टाकली. का, तर लाकडाला ढेकूण होतात आणि फरशी पुसता येते. कारण खोटं नव्हतं. पण दीड इंची शहाबादी एका चौरस मीटरला शंभर किलोच्या घरात जाते. साठ चौरस फुटांना झाली साडेपाचशे किलो. म्हणजे माणूस अजून वर चढलेला नाही, ट्रंका ठेवलेल्या नाहीत, आणि माळ्यावर एक म्हैस बांधून झाली. तेवढ्याच जागेत पाऊण इंची प्लायवूड टाकलं तर सत्तर किलो. खाली लोखंडी अँगलची चौकट धरली तरी म्हशीचं रेडकू होतं. माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला दोनशे किलो धरायचे, हा राहत्या घराचा नेहमीचा दाखला. म्हणजे साठ चौरस फुटांना अकराशे किलो. हे वजन कमी धरता येत नाही, कारण गणपतीत पाहुणे येणारच. आपल्या हातात फक्त जमिनीचं स्वतःचं वजन असतं, तेव्हा पैसे तिथे वाचवायचे नाहीत, वजन वाचवायचं. हलका माळा पाव इंच लवला तरी चालतो. जड माळा लवत नाही, लवत नाही, आणि मग एका पावसाळ्यात बातमी येते.

पावसाळ्यात का, तर मोरीमुळे. सागवानी तुळईचं टोक भिंतीत गेलेलं असतं आणि वरच्या मजल्यावरची मोरी बरोबर त्या टोकावर गळत असते. मधला भाग ठणठणीत, टोक मात्र चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. म्हणून पोटमाळा मारायचा झाला तर माझा पहिला सल्ला असा असतो की सुतार नंतर बोलवा, आधी प्लंबर बोलवा. मुंबईत १९६९ साली दुरुस्तीचा उपकर लागू झाला, तेव्हा या जातीच्या जुन्या इमारती १९,६४२ होत्या. त्यांतल्या खोल्याखोल्यांत असे माळे आहेत. त्यांचा नकाशा कुठल्याही कचेरीत नाही.

शिडीबद्दल एकच सांगते. ती ओट्याजवळ नको, दाराजवळ हवी. सिलिंडरचा गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड, खाली बसतो. पेटलं की धूर मात्र वर जातो, म्हणजे माळ्यावर झोपलेल्याच्या नाकात. त्याने उतरायचं कुठे, तर चुलीत? आमच्या चाळीत निम्म्या शिड्या ओट्याला लागून होत्या, कारण ओट्यावर पाय देऊन दोन पायऱ्या वाचत. आणि वरच्या माणसासाठी छताजवळ एक झरोका हवा, वहीएवढा असला तरी चालेल. गरम हवा वर साचते. झरोका नसेल तर उन्हाळ्यात माळ्याची भट्टी होते, मग घरातलं सगळ्यांत गरीब माणूस वर जातं.

चाळीतल्या पोटमाळ्यानंतर इमारतींतली बाल्कनी. हा माझ्या पोटापाण्याचा मोठा भाग, तेव्हा तिच्याविषयी वाईट बोलू नये, पण बोलते. माझ्या सासरी, ठाण्याला, मी लग्न होऊन जाण्याआधी बाल्कनी आत घेऊन एक खोली काढली होती. चार फुटांची बाल्कनी, कडेला विटांची भिंत, छतापर्यंत. 'रूम वाढली' म्हणून पेढेही वाटले होते. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात माझं लक्ष गेलं. आतल्या जुन्या भिंतीच्या रेषेवर, टाइल्समध्ये, केसाएवढी चीर. सासरे म्हणाले, रंगवाल्याला सांगू.

चीर तिथेच का येते, ते बादलीने समजतं. पाण्याची भरलेली बादली अंगाला लावून धरा, काही वाटत नाही. तीच हात लांब करून धरा, खांदा निघून येतो. बाल्कनी म्हणजे इमारतीने बाहेर काढलेला हात, आणि तिचा खांदा म्हणजे जुन्या भिंतीची ती रेषा. तीन फूट लांबीच्या पट्ट्यात माणसांचं वजन म्हणून सव्वातीनशे किलो धरलेले असतात, तेही सगळीकडे सारखे पसरलेले. आपण काय करतो, तर अगदी बोटांच्या टोकाशी भिंत उभी करतो. पूर्ण उंचीची साडेचार इंची वीट, दोन्हीकडून गिलावा, तीन फुटांना सहाशे किलो. माणसांसाठी खांद्यावर जेवढा ताण धरला होता, त्याच्या तिपटीहून जास्त एकट्या भिंतीने आणला. शिवाय नवी-जुनी जमीन एकसारखी करायला वरचं काँक्रीट छिलतात. आणि बाल्कनीच्या सळ्या असतात त्या वरच्याच बाजूला! ज्या शिरेवर हात तोललेला आहे तिच्यावरची कातडी काढून टाकतात, मग पाणी शिरतं, सळई गंजते. ज्या कंत्राटदाराने आमची भिंत बांधली त्याने या गोष्टींचं नावही ऐकलं नव्हतं, आणि पैसे चोख घेतले होते. आम्ही ती भिंत काढली, अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावल्या. खोली राहिली, वजन गेलं. सासऱ्यांनी माझ्याशी आठ दिवस अबोला धरला. पेढे वाटून झाले होते ना.

हे सगळं शहरातलं. पण वाढीव जागेची अक्कल आपल्याकडे गावातून आली आहे. कोकणात घर लहान पडलं की पडवी काढतात. छपराचे वासे पुढे नेतात, खाली जांभ्याचा बुटका गडगा घालतात आणि खोली तयार. भिंत तीनच बाजूंची, चौथी घराची आहेच. पण पाऊस असा की कौलांचा उतार मोडता येत नाही. दोन फूट पुढे गेलं की छप्पर एक फूट खाली येतं. आठ फुटांची पडवी काढली तर चार फूट उंची गेली. मूळ भिंत दहा फुटांची असेल तर पडवीच्या टोकाला सहा फूट उरतात, माणूस वाकून का होईना आत शिरतो. मूळ भिंतच आठ फुटांची असेल तर पडवीत फक्त कोंबड्या. पुन्हा तेच, पहिल्या दिवशीची उंची. देशावर माळवदाची घरं, तिथे पाऊस कमी, छप्पर सपाट, म्हणून वाढ वरच्या अंगाला होते, माडी चढते. ती चढवायची तर खालची भिंत तेवढी रुंद हवी. आमच्या आजोळी भिंतीच्या कोनाड्यात मी पाय दुमडून बसायचे, एवढी ती जाड होती. बांधली तेव्हा वर माडी नव्हती, माडी नंतर नातवाने बांधली.

ही अक्कल कागदावर आणायचा प्रयत्न दोन मोठ्या वास्तुकारांनी केला. चार्ल्स कोरिया, घराणं गोव्याचं, कारकीर्द मुंबईत. सिडकोसाठी त्यांनी १९८३ ते ८६ या काळात बेलापूरला साडेपाचशेच्या आसपास घरांची वसाहत केली. आज लोक तिला आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात. सात घरांच्या मध्ये एक चौक, असे तीन घोळके मिळून एक मोठा चौक. पण मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते ती चौकाची नाही, भिंतीची. कुठल्याही दोन घरांची भिंत एक नाही. सामाईक भिंतीत बांधकामाचा खर्च वाचतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. कोरियांनी तो वाचवला नाही, कारण भिंत सामाईक असली की वाढवताना शेजाऱ्याची परवानगी आली, त्याची कुरकुर आली, कोर्टकचेरी आली. घर तुमचं, भिंत तुमची, पैसे येतील तसं वाढवा. आणि बांधणी इतकी साधी की गावचा गवंडी करेल. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. श्रीमंताला गरिबाच्या दुप्पटही जागा नाही.

आज तिथे गेलात तर मूळची उतरत्या कौलांची घरं शोधावी लागतात. बरीच पाडून तिथे स्लॅबची दोन-तीन मजली घरं उभी राहिली आहेत. वास्तुविद्येचे विद्यार्थी वह्या घेऊन येतात आणि हळहळतात. मला त्या हळहळीचा राग येतो. वाढणारं घर दिलं, ते वाढलं. पोरगं मोठं झालं म्हणून आईने त्याच्या लंगोटाकडे बघून रडावं, तसं आहे हे. वाईट वाटायचंच तर चौकांचं वाटावं. जिथे गाड्या लागल्या तिथे मुलांचा खेळ गेला.

दुसरे बाळकृष्ण दोशी, जन्म पुण्याचा. इंदूरला त्यांनी अरण्य नावाची वसाहत आखली, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट. सगळ्यांत गरीब कुटुंबाला पुरं घर दिलंच नाही. जोतं, संडास-न्हाणी, पाणी आणि गटारजोड एवढंच दिलं, बाकी तुम्ही बांधा. टीका झाली की गरिबांना अर्धवट देतात. पण बघा, लोकांना स्वतःच्या पैशाने आणि मेव्हण्याच्या मदतीने काय जमत नाही? भिंत जमते, पत्रा जमतो. जमिनीखालचं काम जमत नाही. जोतं आणि गटार. दोशींनी नेमकं तेच दिलं. अरण्यला १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला.

सरकारलाही हे अधूनमधून आठवतं. २०१५ च्या शहरी आवास योजनेत नव्या घराबरोबर जुनं घर वाढवायलाही मदत होती. निदान नऊ चौरस मीटरची वाढ केली तर केंद्राचे दीड लाखांपर्यंत मिळत. चांगली तरतूद. पण नऊ चौरस मीटर पत्र्यावर चढत नाहीत. गावोगाव तुम्ही पाहता, स्लॅबच्या वर खांबांच्या सळ्या उभ्या सोडलेल्या. पोरगा कमवायला लागला की वर घेऊ. पंधरा वर्षांनी पोरगा कमवायला लागतो आणि सळ्या गंजून बोटाने मोडतात. त्या सोडताना सिमेंटच्या रबडीचा हात देऊन वर कच्च्या काँक्रीटची टोपी घातली, तर एका दिवसाची मजुरी लागते, दुसरं काही नाही. आणि खालचं जोतं एकाच मजल्याचं असेल तर सळ्या सोडूच नयेत, उगाच आशा लागते.

आता जिथून सुरुवात केली तिथे, मुंबईत, परत येते.

झोपडी कितीही वाईट म्हणा, तिच्यात एक गोष्ट आहे. चौदा फुटांवर गेली तर पालिका तोडते, म्हणून बहुतेक झोपड्या चौदा फुटांपर्यंत जातात. चौदा म्हणजे सात अधिक सात. खाली उभा माणूस, वर उभा माणूस. दहा बाय पंधराची झोपडी आत तीनशे चौरस फुटांची असते. पुनर्वसनात मिळणारं घर १९९५ साली २२५ चौरस फुटांचं होतं, २००८ साली २६९ झालं, २०१८ पासून ३००. बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीला आता ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. प्रत्येक वेळी भांडण क्षेत्रफळाचं झालं. उंचीसाठी एकही मोर्चा निघालेला मला आठवत नाही. घरात संडास आला, नळ आला, यात मोठं सुख आहे, ते मी नाकारणार नाही. पण उंची नऊ फूट, आणि दोन भावांची दोन बिऱ्हाडं जी माळ्यामुळे वेगळी झोपत होती, ती पुन्हा एका जमिनीवर आली. इमारतीला प्रत्येक मजल्यावर दोन फूट जास्त दिले असते तर किती खर्च वाढला असता? भिंती नि खांब लांबले असते, जिन्याला तीन-चार पायऱ्या वाढल्या असत्या. जमीन तेवढीच, पाया जवळपास तेवढाच. मुंबईत महाग काय आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको.

गेल्या दिवाळीनंतर मला परळच्या अशाच एका इमारतीतून फोन आला. बाईंना पोटमाळा हवा होता. मुलगा सहावीत, सासूबाई अंथरुणाला, नवरा रात्रपाळीवर म्हणून दिवसा झोपणार. मुलगा अभ्यासाला बसेल कुठे? मी टेप लावला. नऊ फूट. साडेसहा खाली दिले, तीन इंच फळीचे गेले, वर उरले सव्वादोन फूट. तिथे मुलगा झोपू शकेल, पालथा पडून वाचू शकेल, लिहू शकणार नाही. बाईंच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे त्यांनी आधीच मोजलं होतं आणि कुणीतरी वेगळं सांगेल म्हणून मला बोलावलं होतं.

मग आम्ही दोघींनी उभं राहायचा हट्ट सोडून दिला. खोलीच्या एका कोपऱ्यात, साडेसहा बाय साडेतीन, जमिनीपासून पाच फुटांवर फळी. वर पावणेचार फूट उरतात, नवरा वर झोपेल, उठून बसेल. खाली पाच फूट, तिथे टेबल, खुर्ची, दिवा. दोन्ही मजल्यांवर माणूस बसलेला. चौकट लोखंडी चौकोनी पाइपची, चार पायांवर उभी, भिंतीला फक्त धरून ठेवायला दोन बोल्ट. उद्या घर सोडलं तर उकलून नेता येईल. काम दीड दिवसाचं.

फॅब्रिकेटर गेल्यावर मुलगा खाली जाऊन उभा राहिला. डोक्यावर हात ठेवून त्याने फळीपर्यंतचं अंतर मोजलं आणि आईला म्हणाला, "अजून पाच इंच आहेत."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सातवीपर्यंत पुरतील."